आपला कर्णा, आपला आवाज

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मागे बसलेल्या बाईला पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही, तर ती हात कशाला वर करेल? म्हणून गटाचा स्वतःचा स्पीकर असावा असं पुष्कळ जणी म्हणतात. कर्णा गावातला पत्र्याचं काम करणारा बनवून देऊ शकतो. युनिट आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र विकत आणावं लागतं. तिथे गटाचे पैसे जपून खर्च करायचे आहेत.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" वॅटच्या मागे लागू नका. २० चे ४० वॅट केले, तरी आवाज जरासाच वाढतो. कर्णा उंच बांधून माणसांकडे वळवला, तर त्याहून जास्त फायदा होतो. पाहायची ती जुळणी.

आधी कर्णा. १ इंचाच्या गळ्यापासून सुरू होऊन २० इंच लांबीत तोंड १५ इंचांचं झालं, की बोलण्याचा आवाज स्वच्छ जातो. बायकांचा आवाज बारीक म्हणतात ना? कर्ण्याला तोच चांगला मानवतो. ढोलकीचा खालचा घुमारा मात्र त्याला पेलत नाही. आतला पडदा नुसताच थडथडतो आणि फाटतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर बासचं बटण असलेलं घ्या आणि ते कमीच ठेवा.

आता युनिट. त्याचे आटे कर्ण्याच्या गळ्याला घट्ट बसले पाहिजेत, फट नको. त्यावर वॅट आणि ओहम लिहिलेले असतात. सगळ्या युनिटांचे वॅट मिळून अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा थोडे जास्त असावेत. समजा, अ‍ॅम्प्लिफायर ४० वॅटचा आहे, तर ३० वॅटची दोन युनिटं चालतील. दोन्ही १६ ओहमची असली आणि शेजारी-शेजारी जोडली, की मिळून ८ ओहम होतात. तार ८ ओहमच्या जागी लावायची. मागे १०० व्होल्टचीही जागा असते. तिथे युनिट थेट लावलं तर जळतं. तार लांब न्यायची असेल, तर मधे लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो.

वीज गेली तरी सभा थांबू नये, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मागा. आवाज फाटायला लागला, तर बटण वाढवू नका, कमी करा. फाटका आवाज युनिटही जाळतो.

स्पीकर लावायला परवानगी घ्यावी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

खरेदीला दोघी-तिघी जा, कर्णा सोबत न्या. एकीने माइकवर बोलायचं, दुसरीने शंभर पावलांवर उभं राहून ऐकायचं. शब्द न् शब्द कळला, तरच पैसे मोजा. पावती गटाच्या नावाने घ्या.