एकाच मार्क्यावरील निष्ठा



कल्याण-डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसेबसे टेकलेल्या माणसाच्या हातातही आज स्मार्टफोन असतो. ‘हाच फोन का घेतला?’ असे त्याला विचारले, तर तो एका कंपनीचे नाव घेतो आणि आमच्या घरात पहिल्यापासून हाच मार्का चालतो, असे काहीशा अभिमानाने सांगतो. चहा, साबण आणि घड्याळ यांच्या बाबतीत मागच्या पिढीकडून जे ऐकू येई, तेच आता फोनच्या बाबतीत ऐकू येते. चळवळीतील कार्यकर्ते या निष्ठेकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहतात. काहींच्या मते ती जाहिरातबाजीने घातलेली भूल आहे. काहींच्या मते ती ज्याची त्याची खाजगी आवड आहे. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. कारण या निष्ठेमागे सामान्य माणसाचा बराचसा व्यवहारी विचार असतो, आणि त्याच विचाराचा फायदा घेऊन त्याला बांधून ठेवण्याची व्यवस्थाही असते.

प्रथम या माणसाची कारणे नीट ऐकून घेतली पाहिजेत. प्रतिष्ठा हे एक कारण आहेच. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती, आणि हप्त्यांवर महागडा फोन घेणारा आजचा तरुण त्या मीमांसेत चपखल बसतो. परंतु तेवढ्यावर थांबणे हा सामान्य ग्राहकावर अन्याय होईल. स्टेशनाबाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे याच फोनची काच आणि बॅटरी चटकन मिळते. घरातल्या सर्वांना एक चार्जर पुरतो. मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे जातो, आणि तिला तो वापरता येतो, कारण कोणते चित्र कोठे आहे हे तिच्या बोटांना ठाऊक झालेले असते. साठीनंतर मोठ्या कष्टाने मिळवलेले हे कौशल्य दुसऱ्या मार्क्याच्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून शिकावयाचे, या कल्पनेनेच ती माउली धास्तावते. शिवाय त्या फोनात गेलेल्या माणसांची छायाचित्रे असतात, नातवंडांचे आवाज असतात, बँकेचे व्यवहार असतात. ही कारणे भाबडी नाहीत. मर्यादित मिळकतीत अनिश्चितता कमी करण्याचा तो एक शहाणा मार्ग आहे.

परंतु प्रश्न असा की, यांपैकी निष्ठा किती आणि नाइलाज किती? आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठेचे महत्त्व एवढ्यासाठी की, ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही आणि आवाज उठवण्यास अवसर देते. म्हणजेच ज्या निष्ठेला आवाज नाही, ती निष्ठा दर्जा सुधारण्याच्या कामी येत नाही.

ही कसोटी आपल्या परिसराला लावून पाहण्यासारखी आहे. ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ साली धावली, आणि आजही डोंबिवलीच्या नोकरदाराला लोकल सोडून जाण्याची सोय नाही. तरीही त्याच्या रोजच्या प्रवासाला कोणी रेल्वेवरील निष्ठा म्हणत नाही. मात्र त्याला आवाज आहे. प्रवासी संघटना आहेत, निवेदने आहेत, प्रसंगी रुळांवर उतरणारा संताप आहे आणि संसदेत प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी आहे. फोनच्या बाबतीत चित्र नेमके उलटे दिसते. बाजारात पर्याय अनेक, म्हणून निघून जाण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हटले जाते. परंतु छायाचित्रे, संभाषणे आणि विकत घेतलेल्या सोयी दुसरीकडे हलवण्याचा खटाटोप एवढा असतो की ते स्वातंत्र्य बव्हंशी कागदावरच राहते. आणि ज्या कंपनीचा कारभार परदेशातून चालतो, तिच्यापुढे एकट्या ग्राहकाचा आवाज पोहोचत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला मान्य करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ती नव्या प्रणालीद्वारे कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असा तिचा खुलासा होता. परंतु ग्राहकांना याची पुरेशी कल्पना दिली नाही, म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. दरम्यान किती निष्ठावंतांनी बॅटरी बदलण्याऐवजी फोनच बदलला असेल, आणि तोही त्याच मार्क्याचा, याचा विचार करण्यासारखा आहे.

बंधन सैल झाले म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्याच देशात आहे. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता सेवा-कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. तोवर ज्यांना कंपनीचे एकनिष्ठ ग्राहक समजले जात होते, त्यांतील कित्येक जण केवळ आपल्या क्रमांकाशी एकनिष्ठ होते, हे त्यानंतर उघड झाले.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि समाजवाद्यांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. निष्ठा मार्क्यावर असते. तो माल घडवणाऱ्या हातांवर नसते. ठाणेकरांना हे सांगावयास दूर जावे लागत नाही. रेमंडच्या कापडावर या देशातील मध्यमवर्गाने पिढ्यानपिढ्या विश्वास टाकला. त्या नावाची ठाण्यातील गिरणी २००९ मध्ये बंद झाली, आणि पुढे तिच्या जमिनीवर त्याच नावाने निवासी इमारती उभ्या राहिल्या. कापडाचा मार्का टिकला, ग्राहकाची निष्ठाही टिकली. गिरणी मात्र राहिली नाही.

फोनच्या व्यवसायात हेच अधिक वेगाने घडले. नोकियाचा २००३ साली आलेला, विजेरी असलेला साधा ११०० हा फोन जगभर पंचवीस कोटींच्या वर खपला. धुळीत टिकणाऱ्या आणि चार्जिंग पुरवून वापरता येणाऱ्या त्या फोनवर लोकांनी मनापासून प्रेम केले. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये नोकियाचा कारखाना सुरू झाला आणि हजारो तरुण कामगारांना, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांना, काम मिळाले. २०१४ साली फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. करविषयक वादात अडकलेला हा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडला. पुढे नोकियाचे नाव तिसऱ्याच कंपनीच्या फोनांवर झळकले. ज्यांनी त्या नावावर जीव लावला, त्यांची निष्ठा त्या मुलींच्या उपयोगी पडली नाही.

याउलट, त्याच श्रीपेरुंबुदूरमध्ये सॅमसंगच्या कारखान्यातील कामगारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये वेतनवाढीसाठी आणि संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला. तो सदतीस दिवस चालला. तेथे फोन नव्हे, तर दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे तयार होतात. पण मार्का तोच. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या संघटनेची नोंदणी झाली. ते कामगार नोकरी सोडून गेले नाहीत, राहून बोलले. हर्शमनला अभिप्रेत असलेली निष्ठा ती हीच.

मग ग्राहकाने काय करावे? आवडता फोन टाकून द्यावा, असा उपदेश निरर्थक आहे. एका मक्तेदाराकडून दुसऱ्याकडे जाण्याने काहीच बदलत नाही. आवाज एकट्याचा नको, संघटित हवा. या परिसराला त्याची परंपरा आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची पद्धत रुजवली आणि ग्राहक हा केवळ गिऱ्हाईक नाही, हे दाखवून दिले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना समान चार्जर जोडणी सक्तीची केली. २० जून २०२५ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या फोनांचे सुटे भाग, त्यांची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. पण माहिती देणारे संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

सुटे भाग रास्त दरात आणि ठराविक वर्षे मिळावेत, ते स्टेशनाबाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही मिळावेत, फोनची प्रणाली किती वर्षे चालू राहील हे विकतानाच लिहून द्यावे, आणि आपली छायाचित्रे व संभाषणे दुसऱ्या मार्क्याच्या फोनवर विनासायास नेता यावीत, एवढ्या चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी सोसायट्यांत, वाचनालयांत आणि लोकलच्या डब्यांत गेले पाहिजे. फोन घडवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचा हक्क ही पाचवी मागणी त्यांना जोडली पाहिजे. जाण्याची वाट मोकळी असताना आणि बोलण्याची सोय असताना डोंबिवलीच्या त्या माउलीने आपल्या सवयीचा फोन जवळ ठेवला, तर त्या निष्ठेला कोणी नावे ठेवण्याचे कारण उरणार नाही.