पॅनेल जमिनीवर, पैसा जमिनीखाली



विषय छापलाय ‘घरच्या सौर पॅनेलसाठी जमिनीवरचा सांगाडा’. इथल्या औष्णिक केंद्राची वीज कुठं जाते, तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवणारी १९९१ ची अधिसूचना, मग त्यासाठीचं प्राधिकरण, हे डहाणूकरांना मी काय सांगावं! ते सोडून देतो. (हशा)

पॅनेल छपरावर का नको, तेही तुम्ही जाणता. कारवीच्या कुडाचं, कौलारू घर हे वजन घ्यायला बांधलेलंच नसतं. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून दुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलू लागली, लोक थंडीत तंबूत झोपले. डोक्यावर आणखी काही चढवू नये असं वाटणारच. पण पॅनेल अंगणात आलं की भूकंपाची धास्ती सोडा. भूकंपाचा जोर वजनाच्या हिशेबात लागतो आणि पॅनेल असतं अठ्ठावीस-तीस किलोचं. भ्यायचं ते वाऱ्याला.

हिशेब ऐका. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. आपणही तोच धरू. त्याचा दाब होतो चौरस मीटरला साधारण ११८ किलो. मोठं पॅनेल अडीच चौरस मीटरचं, म्हणजे एकेका पॅनेलवर तीनशे किलोच्या आसपास. सांगाड्याच्या आकारानुसार कमीजास्त. नैऋत्येचा वारा दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलला खाली दाबतो, ते चालतं. वादळात वारा फिरतो, उत्तरेकडून पॅनेलच्या पोटात शिरतो आणि सगळं वर उपटू पाहतो. आणि पायात काय असतं? फुटभर लांब-रुंद-खोल काँक्रीटचा ठोकळा. वजन सुमारे ६८ किलो!

त्याच मानकात चक्रीवादळासाठीचा जादा विचार पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातच्या किनाऱ्याला आहे. आपण सीमेच्या अलीकडे. वारा बहुतेक सीमेवरच्या अच्छाड नाक्यावर थांबून कागद दाखवत असावा. (हशा) १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ इथून वर सरकलं, तेव्हा थांबलं होतं का?

(सभागृहातून : ‘तुमचं सिमेंटचं दुकान आहे का?’) नाही हो! असतं तर व्याख्यान फुकट दिलं नसतं का? थांबा, फुकटच देतोय. (हशा)

जागेचं सांगतो. बोर्डीकडे एका मित्राच्या वाडीत आम्ही जागा बघत होतो. मित्राला विहिरीजवळची मोकळी जागा पसंत, मी होकायंत्र काढलेलं. काकू, म्हणजे त्याची आई, ओसरीवर वाल सोलत बसलेल्या. म्हणाल्या, “तिथं पौषात चिकूची सावली येते. मी पापड घालते ना, दहा वाजेपर्यंत हलवत बसावं लागतं.” मित्र म्हणाला, “आई, आत्ता बघ, लख्ख ऊन आहे.” दिवस वैशाखाचे. आपल्या अक्षांशावर मेच्या वीस तारखेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा कुठल्या झाडाची सावली दिसणार? डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सावली झाडाच्या उंचीएवढी उत्तरेला पडते, सकाळी त्याहून कितीतरी लांब. चिकू पानंही गाळत नाही. काकूंना अंश ठाऊक नव्हते, पापड ठाऊक होते. मग त्यांनीच जागा दाखवली, वर अट घातली : खालची कड कमरेइतकी उंच हवी, शेळ्या चढतात, आणि पावसाळ्यात गवत माजतं. मित्राने एक झाड तोडायची गोष्ट काढली तेव्हा काकूंनी वालाचं सूप बाजूला ठेवून जे सुनावलं, ते इथं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

कलाचा फार घोळ घालू नका. दक्षिणेकडे तोंड, वीस अंश, पक्का. ऋतूप्रमाणे कल बदलणारा सांगाडा मिळतो, पण त्यात सांधे जास्त, आणि खारा वारा सांध्यातच शिरतो. त्या पैशाचा पाया खणा. किनाऱ्याच्या रेतीला पकड नसते, तिथं पायाचा तळ रुंद आणि खोल. तलासरीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला मुलामा हवा, आणि कापणं, भोकं, वेल्डिंग हे सगळं त्याच्या आधी. नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. चंदेरी रंग मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा, काम देऊ नका. (हशा)

अध्यक्ष उठले, म्हणजे माझं संपलं. कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी ठळक छापलेली असते आणि पाया ‘इतर कामे’ या ओळीत. सही करण्याआधी पायाची खोली, काँक्रीटचं माप आणि जस्ताच्या थराची जाडी त्याच कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसेल, तर सही करू नका.