हिमातील पायपीट
(मंडळाच्या जत येथील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



परदेशी शिक्षणास निघालेल्या दोघा मुलांचा आज आपण सत्कार करीत आहोत. त्यांना चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही आणि समुद्र पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवरून. तेव्हा विद्येविषयी न बोलता चालण्याविषयी बोलतो. पाण्यासाठी कोसकोस चाललेल्या जतच्या माणसास तेवढा अधिकार असावा.

आमचा पुतण्या जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात शिकत होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे कीलहॉर्न पंडित १८८२ साली याच विद्यापीठात प्राध्यापक झाले, म्हणजे गाव अगदीच परके नव्हे. २०१३ च्या जानेवारीत तेथील सातआठ विद्यार्थी हार्ट्‌झ पर्वतातील ब्रोकेन शिखरावर पायी जाण्यास निघाले; त्यांत हाही होता. ब्रोकेनची उंची ११४१ मीटर. आपल्या महाबळेश्वरहूनही ठेंगणा आणि १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे तर पोरच. चिरंजीव मनात हसले. परंतु उंचीच्या आकड्यावरून डोंगर ओळखू नये. हे शिखर पार उत्तरेकडे, वाऱ्याच्या तोंडावर उघडे पडलेले. वर्षातील बहुतेक दिवस धुक्यात बुडालेले. जानेवारीत तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाकुंतलाची मुक्तकंठाने स्तुती करणारा महाकवी गटे १० डिसेंबर १७७७ रोजी हिमातून हे शिखर चढला, तोही तेथल्या वनरक्षकास बरोबर घेऊन. टॉर्फहाउस नावाच्या ठिकाणाहून निघणारी सुमारे आठ किलोमीटरची ती वाट आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. आमची मंडळी त्याच वाटेने निघाली.

पुतण्याच्या पायात सुती मोजे व साधे बूट. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगितले. पण थंडीत पायात काय घालावे, हे एकाही मुलास सांगितले नाही. सूत भिजले की ऊब टाकते, उलट अंगातली ऊब ओढून घेते. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते. धनगराची घोंगडी पावसात का चालते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. आम्हांस ठाऊक होते. सुचले मात्र नाही.

तुकडीची पुढारी एक जर्मन विद्यार्थिनी होती. दर अर्ध्या तासाने ती सर्वांना थांबवी, गरम चहा देई आणि एकेकास विचारी, “पायाची बोटे हलतात का?” पुतण्याने तीनदा ‘होय’ म्हणून सांगितले. पहिल्यांदा ते खरे होते. दुसऱ्यांदा बोटे दुखत होती. तिसऱ्यांदा दुखणे थांबले होते आणि त्याला वाटले, बरे झाले! थंडीत दुखणे थांबणे हीच धोक्याची खूण, हे त्यास कोठून ठाऊक असणार? वाटेच्या कडेने शिखरावर जाणारी वाफेची छोटी गाडी धूर सोडीत गेली. आपल्या मिरजेच्या जुन्या छोट्या गाडीची आठवण येऊन तो तिच्याकडे पाहावयास वळला आणि अडखळून पडला. त्या मुलीने तेथेच त्याचा बूट काढावयास लावला. बोटे मेणासारखी पांढरी झाली होती.

शिखर तासाभरावर राहिले होते. कोणी एका शब्दानेही कुरकूर केली नाही. सर्वजण परत फिरले. त्याला कोणी आपले लोकरीचे मोजे दिले, कोणी हातमोजे. टॉर्फहाउसला पोचल्यावर तो शेकोटीकडे धावला, तेव्हा तिने त्यास अडविले. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. बर्फाने चोळणेही तितकेच वाईट. कोमट पाण्यात पाय ठेवून बसविले. संवेदना परत येताना तो लहान मुलासारखा रडला म्हणे. बोटे वाचली.

त्या रात्री त्याचा फोन आला. आम्ही रागावलो, “अरे, पहिल्यांदाच का बोलला नाहीस?” थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, सज्जनगड आठवतो?”

आठवला. २००१ च्या हिवाळ्यातील आमच्या शाळेची सहल. हा सातवीत, आमच्याच वर्गात. नवे बूट चावून टाच सोलली होती, म्हणून पायऱ्यांवर बसला होता. आम्ही सर्वांदेखत म्हणालो होतो, “दुष्काळी मुलखातला पोरगा आणि बसतोस? लाज नाही वाटत?” तो उठला आणि गडावर पोचला. खाली आल्यावर रक्ताने भरलेला मोजा त्याच्या आईने पाहिला, आम्ही पाहिला नाही. पुढे कित्येक वर्षे त्याच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून ती हकीकत आम्ही मुलांना सांगत आलो!

फोनवर आम्हांस उत्तर सुचले नाही. “पाय शेकू नकोस,” एवढेच म्हणालो. तेही त्याच्याकडूनच नुकतेच शिकलो होतो.

मंडळाच्या प्रथेप्रमाणे शाल व श्रीफळ अध्यक्षमहाराज देतीलच. त्यासोबत आमच्याकडून दोघांसही लोकरीच्या मोज्यांचे दोन दोन जोड आहेत. माप आम्ही त्यांच्या आयांकडून मागवून घेतले आहे.