छायाचित्रांचे गुणदोष सांगण्याची रीत

(आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरविलेल्या हौशी छायाचित्र-स्पर्धेच्या पारितोषिक-समारंभात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



पारितोषिके वाटण्यापूर्वी परीक्षकाने चार शब्द बोलावेत अशी वहिवाट आहे. ते चार शब्द बहुधा ठरलेले असतात : "सर्वच चित्रे उत्तम होती, निवड करणे फार कठीण गेले." मीही अनेक समारंभांत असेच बोलून खाली बसलो आहे. आज मात्र तसे बोलणार नाही. या भिंतींवर टांगलेली सर्वच चित्रे उत्तम नाहीत, आणि हे आपणांसही ठाऊक आहे. मग जे चित्र साधले नाही त्याविषयी, ज्याने ते हौसेने काढले त्याच्याशी, कसे बोलावे? हाच आज माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझाच एक अपराध सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी तरुण असताना, एका दूरच्या गावी अशाच एका स्पर्धेस मला परीक्षक म्हणून बसविण्यात आले. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आजीचे चित्र आणले होते. आजी चुलीपुढे बसलेली होती. परंतु चित्र इतके काळोखे की तिचा एक गाल व बांगड्या भरलेला हात एवढेच काय ते दिसत होते. मी ते चित्र सर्वांसमक्ष उंच धरले आणि म्हणालो, "यातील आजी शोधून देईल त्यालाच पहिले बक्षीस!" सभा हसली. तो मुलगाही हसला.

काही महिन्यांनी आजीच्या आजारपणाचे वर्तमान कळल्यावरून मी त्या घरी गेलो. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. चुलीचा उजेड म्हातारीच्या एका गालावर व हातावर पडला होता. बाकी सर्वत्र अंधार. मुलाने जे पाहिले होते, तेच दाखविले होते. पाहता आले नव्हते ते मला. त्याला सांगण्यासारखे एवढेच होते की, "बाळ, मागचे दार जरा उघडून ठेव, म्हणजे आजीचे डोळेही दिसतील." मी त्याची क्षमा मागितली. "असू द्या, फादर," असे तो नम्रपणे म्हणाला. पण त्याने पुन्हा कधीही चित्र पाठविले नाही. आजी त्याच वर्षी वारली. दार उघडून काढावयाचे ते चित्र राहूनच गेले.

तेव्हापासून दुसऱ्याच्या चित्राविषयी तोंड उघडताना मी भीत असतो. आणि ही भीती परीक्षकाला असावी असे मला वाटते.

छायाचित्राची व छापील चित्राची कला आपल्या मावळास परकी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे, शतकाच्या अखेरीस, आपल्या मळवलीस आला, आणि तेथून निघालेली रंगीत चित्रे घरोघरीच्या भिंतींवर लागली. दादासाहेब फाळके हे आधी गोध्र्यास छायाचित्रे काढीत. पुढे पुरातत्त्व खात्यात त्यांनी काम केले. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःचा छापखाना त्यांनी प्रथम काढला तो या लोणावळ्यातच. हेच फाळके १९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून भारून गेले, व आपल्या देशातही असे चित्रपट निर्माण करण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते भेटले. कॅबर्न यांनी त्यांची खुशामत केली नाही. इंग्लंडातही या धंद्यात अनेकजण बुडाले आहेत, आणि हिंदुस्थानचे हवामान या कामास अनुकूल नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु समोरच्या माणसाची तळमळ पाहिल्यावर त्याच गृहस्थांनी फाळक्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि कॅमेरा कोणता घ्यावा याचा सल्लाही दिला. पुढे फाळक्यांनी वाटाण्याचा वेल उगवून वाढताना त्याची एकेक छबी टिपली व ते लहानसे चलच्चित्र निवडक मंडळींना दाखविले. तेव्हा कर्ज देणारे पुढे आले, आणि १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कॅबर्न यांनी अडचण लपविली नाही, आणि अडचण सांगून हातही झटकले नाहीत. परीक्षकाचे सारे कर्तव्य या दोन गोष्टींत आले.

आता आपल्या भिंतींकडे वळू. आम्ही परीक्षकांनी यंदा एक नियम पाळला. प्रत्येक चित्रापुढे प्रथम मुकाट्याने उभे राहावयाचे. चित्रात काय दिसते ते आधी बोलावयाचे. काढणाऱ्याला काय दाखवावयाचे असावे याचा विचार करावयाचा. आणि त्यानंतरच त्या दोहोंत अंतर कोठे पडले ते शोधावयाचे.

उदाहरणार्थ, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी काढलेले एका मुलीचे चित्र पाहा. तिचा शुभ्र पोशाख चित्रात राखेच्या रंगाचा झाला आहे. यात काढणाऱ्याची हयगय नाही. कॅमेरा समोरचा सर्व उजेड एकत्र मोजतो व तो मध्यम आहे असे धरून चालतो. म्हणून पांढरे फार असले की तो चित्र काळवंडवितो, आणि काळ्या म्हशींचा कळप समोर आला की त्यांना फिकट करून टाकतो. मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित वाढविला असता तर पोशाख पांढरा आला असता. "चित्र मळकट आले" असे म्हणून आई-बापांचे मन दुखविण्यापेक्षा ही एक युक्ती सांगणे बरे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची दोन चित्रे आहेत. एकात फ्लॅश लावला आहे. तो उजेड फार तर पाच-दहा हात पोहोचतो, आणि ते चैत्यगृह तर सुमारे पंचेचाळीस मीटर खोल. म्हणून जवळचा एक खांब पांढराफटक झाला व दूरचा स्तूप नाहीसा झाला. दुसऱ्यात फ्लॅश नाही, पण हात हलला आहे. दोघांनाही आमचे सांगणे एकच : फ्लॅश बंद करा, पाठ भिंतीलगत ठेवून स्थिर उभे राहा, श्वास क्षणभर रोखा, आणि दर्शनी कमानीतून येणाऱ्या प्रकाशाला त्याचे काम करू द्या.

नागफणीच्या चित्रात सर्वत्र धुके दिसते, परंतु तपासून पाहता ते धुके नव्हे. काचेवरील दमट बोटाचा ठसा आहे! पावसाळ्यात आपल्या लोणावळ्यात कोरडा रुमाल जवळ ठेवणे हाच यावर उपाय. लोहगडाच्या चित्रात विंचूकाटा सुंदर आला आहे, पण क्षितिज कलंडले आहे. मागच्या सरळ भागाकडे पाहून मोबाईल धरला असता तर एवढ्या मोठ्या गडाला, ज्याची २०२५ साली जागतिक वारशात गणना झाली, असे उतरणीला लागावे लागले नसते.

एका चित्राविषयी मात्र मी कठोर बोलणार आहे. भाताच्या आवणीत वाकलेल्या बायकांचे ते चित्र हमरस्त्यावरून, त्यांच्या पाठीमागून, त्यांच्या नकळत काढले आहे. त्यातील रंग मोहक आहेत. इंद्रायणी भाताचे आपले मावळ त्यात शोभून दिसते. परंतु त्या बायकांना कोणी विचारले नाही. बांधावर उतरावे, "मावशी, फोटो काढू का?" असे विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या तर निमूट परतावे. हो म्हणाल्या तर त्यांचे चेहरे मिळतील, आणि चित्र अधिक चांगले होईल. ज्याचे चित्र काढतो त्याचा मान राखण्यात कमीपणा आला, तर तेथे परीक्षकाने गोड बोलू नये. तथापि हेही मी काढणाऱ्याला आधी एकांतात सांगितले आहे, व त्याच्या संमतीनेच येथे बोलत आहे.

बंधुभगिनींनो, गुणदोष सांगताना दोन चुका होतात. एक कठोरपणाची, तिची कथा मी सांगितली. दुसरी खोट्या गोडव्याची, आणि ती अधिक सभ्य दिसते. "छान आहे, फारच छान!" या शब्दांतून ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही, आपले चित्र कोणी धड पाहिलेही नाही, एवढेच त्याला कळते. स्तुतीही नेमकी असावी. "तुझ्या चित्रात आजोबांच्या हातावरच्या शिरा दिसतात, त्यावरून त्यांचे कष्ट कळले," असे म्हणावे. दोष सांगावयाचा तर एक सांगावा, दहा सांगू नयेत. आणि तो चित्राचा सांगावा, माणसाचा नव्हे. ज्याचा मोबाईल स्वस्तातला आहे त्याच्या गरिबीचा दोष त्याच्या नजरेवर लादू नये. "मी असतो तर असे काढले असते" हे वाक्य तर परीक्षकाने गिळूनच टाकावे. चित्र त्याचे आहे, आपले नव्हे.

स्पर्धकांनाही एक विनंती. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे आम्ही तीन ओळी लिहिल्या आहेत : आम्हांला काय दिसले, काय भावले, आणि पुढील खेपेस काय करून पाहावे. बक्षीस मिळो वा न मिळो, त्या ओळी अवश्य वाचा. आमचे म्हणणे पटले नाही तर येऊन वाद घाला, आम्हीही चुकतो. पटले तर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा व तेच चित्र पुन्हा काढा. महिनाभराने ही नवी चित्रे जुन्या चित्रांशेजारी याच भिंतीवर लावू. त्या दिवशी बक्षिसे नसतील; परंतु त्या दिवसाची मला आजच्यापेक्षा अधिक उत्कंठा आहे.

आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी महिनाभर थांबू नये. आजच घरी जावे, मागचे दार उघडावे, आणि चित्र काढावे.