नाव घरी आलं, काम कधी येणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मला एकच विषय येतो. बूट. बघा, लगेच सगळ्यांच्या माना खाली गेल्या! घाबरू नका, आज तपासणी नाही. ती आपल्या पीटीच्या सरांनी दर शनिवारी केलेली पुरे.

त्या शनिवारची एक गोष्ट मात्र सांगतो. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण उसवलेला बूट पिशवीत घालून माझ्याकडे द्यायचे आणि शनिवारी सकाळी तो शिवून मिळायचा. कुणी शिवला, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. मीही नाही. नववीत शाळेचा एक फॉर्म आला. त्यात 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं आणि सहीसाठी वडिलांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, सही केली. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "लेका, व्यापारी माल इकतो. मी माल करतो."

मला तेव्हा फक्त लाज वाटली. त्या वाक्याचा अर्थ कळायला तीस वर्षं आणि दोन हजार मैल लागले.

बारावीनंतर मी मद्रासला पादत्राणांचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथून राणीपेटच्या एका कारखान्यात लागलो. तमिळनाडूतलं राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा सगळा पट्टा चामड्याचा. आमच्या कारखान्यात साहेबी बूट व्हायचे, वेल्ट पद्धतीचे. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वरचं कातडं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फर्म्यावर ताणून बसवायचं. आतला तळ, वरचं कातडं आणि कडेने फिरणारी चामड्याची पट्टी, म्हणजे वेल्ट, एकत्र शिवायची. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरायचा. मग बाहेरचा सोल त्या पट्टीला शिवायचा, आतल्या तळाला नाही. त्यामुळे सोल झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो. बूट वीस वर्षं चालतो आणि भुग्यावर तुमच्याच पायाचा ठसा उमटतो. बाजारातल्या बहुतेक बुटांचा सोल नुसता चिकटवलेला असतो. तो सुटला की बूट कचऱ्यात.

आमच्या बुटांवर शिक्के मात्र परदेशातल्या जुन्या नावांचे पडायचे. पाच वर्षांपूर्वी आपलाच एक मित्र न्यू जर्सीहून आला. मोठ्या हौसेने त्याने पायातले बूट दाखवले. मी टाके बघितले आणि गप्प बसलो. तो माल आमच्या खात्यातला होता. मित्रा, तू इथे बसला आहेस, आज सांगून टाकतो!

जुनं नाव आणि जुनं काम यांची ताटातूट कशी होते, याची दोन-तीन खरी उदाहरणं देतो. फ्लोर्शाइम हे अमेरिकेतलं नामांकित नाव, १८९२ साली शिकागोत सुरू झालेलं. २००२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा फ्लोर्शाइम घराण्याच्याच हातात असलेल्या मिलवॉकीच्या दुसऱ्या कंपनीने ते नाव परत विकत घेतलं. नाव घरी आलं. काम आलं नाही. बूट बहुतांशी आपल्याकडे आणि चीनसारख्या देशांत होत राहिले. उलट ॲलन एडमंड्स पाहा. १९२२ ची कंपनी, विस्कॉन्सिनमधली. मालक अनेकदा बदलले, पण पोर्ट वॉशिंग्टन या छोट्या गावातला कारखाना टिकला. त्याला एक मोठा आधार आहे दुरुस्तीचा. गिऱ्हाईक जुना बूट पाठवतं, ते तो उसवून, पुन्हा फर्म्यावर चढवून, नवा सोल लावून परत करतात.

इंग्लंडमधलं नॉर्थम्प्टन हे तर बुटांचं माहेरघर. ट्रिकर्स १८२९ सालचं, चर्च १८७३ सालचं, क्रॉकेट अँड जोन्स १८७९ सालचं. एके काळी त्या भागात घरोघरी बुटांचं काम होतं. स्वस्त मालापुढे बहुतेक कारखाने बंद पडले. जे उरले ते स्वस्त होण्याच्या शर्यतीत उतरले नाहीत, म्हणून उरले. चर्च १९९९ साली प्राडाने विकत घेतलं. कंपनी इटालियन झाली, पण बूट नॉर्थम्प्टनमध्येच होत राहिले, कारण त्या नावाची किंमतच त्या गावात होती.

प्राडा म्हटल्यावर तुमचे चेहरे बदलले. हो, तीच प्राडा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी पायताणं मिरवली, आणि कोल्हापूरचं नाव सुरुवातीला घेतलंच नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, मग त्यांनी मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. म्हणजे कायद्याने नाव आपलं आहे. प्रश्न उरतो तो कामाचा. सुभाषनगरात जाऊन विचारा, किती घरांतली पोरं रापी हातात धरतात? नावाचा अभिमान सगळ्या गावाला आहे. काम पोराने करावं असं कुणालाच वाटत नाही. मी कुणाला दोष देत नाही. 'व्यापार' लिहिणारा मीच होतो.

२०१८ साली वडील गेले. दुकानाला कुलूप लागलं. २०२२ साली मी नोकरी सोडून ते उघडलं. ठरवलं की इथे हाताने शिवलेले वेल्टचे बूट करायचे. मला वाटलं, आपल्या कारागिरांना जाड कातडं हाताने शिवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, अवघड काय आहे? अवघड हे होतं की कोल्हापुरी पायताण फर्म्यावर होतच नाही. ते सपाट बसून होतं आणि पायात घालून घालून पायाचं होतं. बुटाचं सगळं गणित फर्म्यावर. मी राणीपेटहून आणलेले फर्मे विलायती पायाचे, पुढे निमुळते. आपले पाय बोटांपाशी पसरट, कारण निम्मं आयुष्य चपलेत गेलेलं. पहिले बूट चावले.

दुसरी चूक माझ्या अभिमानाची. सोलसाठी मी हट्टाने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं इथलंच कातडं घेतलं. कातडं उत्तम, पण तुम्हाला ठाऊक आहे, कोल्हापुरी पावसाळ्यात कुणी बाहेर काढत नाही. आणि मी बारा जोड दिले जुलैमध्ये! सात परत आले, सोल फुगलेले. आमच्याकडे काम करणारे काका वडिलांच्या वेळचे. त्यांनी एक जोड हातात घेतला आणि म्हणाले, "तुझ्या बाला इचारलं असतंस, तर त्यानं पाऊस बघून सांगितलं असतं." पैसे परत केले. ते सातही जोड अजून फळीवर आहेत. नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी तेच दाखवतो.

आता तेच कातडं आम्ही आतल्या तळाला वापरतो. तिथे ते घाम शोषतं आणि पायाचा आकार घेतं. बाहेरच्या सोलला रबराचा अर्धा तळ लावतो. फर्मे पुढून रुंद करून घेतले. महिन्याला वीस-बावीस जोड होतात. किंमत साडेनऊ हजार. महाग आहे, मान्य. पण दोनदा सोल बदलून देतो, त्याचे पैसे घेत नाही. काका आहेत, मी आहे, आणि दोन तरुण आहेत. पहिल्या महिन्यापासून दोघांना पूर्ण पगार आहे, 'शिकतोयस म्हणून निम्मा' असं नाही. धंद्यात अजून नफा नाही. कर्जाचे हप्ते जातात, एवढंच. पुढच्या दोन वर्षांत ते फिटलं नाही, तर कुलूप पुन्हा लागेल, हेही लपवत नाही.

तुम्ही सगळ्यांनी बूट घ्यावेत, असं मी म्हणणार नाही. स्नेहमेळाव्यात दुकान मांडू नये. दोन गोष्टी मागतो. घरात कुणाचे जुने, चांगल्या कातड्याचे बूट पडून असतील, वडिलांचे, सासऱ्यांचे, तर टाकू नका. कुठल्याही चांगल्या कारागिराकडे न्या, माझ्याकडेच असं नाही. दुरुस्तीचं काम येत राहिलं की कारागिराची चूल पेटती राहते, आणि चूल पेटती राहिली तर त्याचं पोर शेजारी बसून शिकतं.

दुसरी गोष्ट शाळेला. सर, बाई, आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा आमच्या दुकानात पाठवा. मुलांना आरी धरू द्या, दोऱ्याला मेण लावू द्या. सगळी मुलं, सगळ्या आळ्यांतली. कुणाच्या घरचं काम आहे म्हणून त्यानेच बघायचं, असं नको.

परवा आमच्यातल्या एका तरुणाने आपल्या पोरीचा शाळेचा फॉर्म भरायला आणला होता. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबून त्याने मला विचारलं, "काय लिहू?" मी म्हणालो, जे करतोस ते लिही. त्याने लिहिलं, 'बूट करतो'.

वडिलांच्या दुकानाचं नाव आता आम्ही सुकतळ्यावर छापतो. चाळीस वर्षांपूर्वी शुक्रवारच्या पिशवीतून जे बूट आमच्या घरी आले, त्यांवर कुणाचंच नाव नव्हतं, पण ते ज्यांनी शिवले त्यांना तुम्ही सगळे ओळखत होतात. आज त्यांचं नाव या हॉलमध्ये मोठ्याने घेतो आणि थांबतो. ते होते माझे वडील, आणि ते बूट शिवायचे.