म्हातारा कामगार आणि दवाखान्याची खाट



अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या गिरणी कामगाराने म्हातारपणी जावे कोठे? जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातला वॉर्ड रोग्याला बरा करून घरी धाडण्यासाठी असतो. तेथे डॉक्टर आहे, मुक्काम नाही. वृद्धाश्रमात मुक्काम आहे, पण पुष्कळ ठिकाणी अट अशी, की माणूस हिंडताफिरता हवा. २००७ च्या कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधारांचा आश्रम सांगितला. परंतु शब्द घातला ‘स्थापू शकेल’. ‘स्थापील’ नव्हे! भविष्यनिर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरले. तेवढ्यात खाजगी शुश्रूषागृहाची खाट परवडत नाही. म्हणून आश्रमाच्या छपराखाली वॉर्डातली परिचारिका मागा. मागितल्यावाचून पगारवाढ कधी मिळाली नाही. हीही मिळणार नाही.