गोरेपणाचा बाजार



उन्हांत राबणाऱ्याची कातडी रापते, सावलींत बसणाऱ्याची उजळ राहते. म्हणून चीन-जपानांतहि गोरेपण ही बड्या घरची खूण ठरली. जुन्या जपानांत खानदानी स्त्रिया शिशाची विषारी पांढरी पूड तोंडाला चोपडीत असत.

आमच्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ मलम १९७५ सालीं निघालें. २०२० सालीं नांवांतला गोरेपणाचा शब्द गेला. मुलगी पाहतांना प्रश्न मात्र तोच! सांवळ्या मुलीच्या बापाकडे जादा हुंडा मागतात. १९६१ च्या कायद्यानें हुंडा हा गुन्हा आहे.

गोरें करणाऱ्या कांहीं मलमांत पारा सांपडतो. तो मूत्रपिंडें बिघडवतो. उलट कातडींतलें काळें द्रव्य उन्हापासून रक्षण करतें.

ज्या रापलेल्या हातांनीं शेतें पिकवलीं, घरें बांधलीं, त्यांच्या रंगाची लाज आम्हीं कां धरावी? सोयरीक ठरवितांना मुलीचें शिक्षण विचारा, रंग विचारूं नका.